ढिलं मनगट

ह्यूस्टन, १४ नोव्हेंबर

ति. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर "पिस्तूल घेतलंय" एवढं म्हणाले आणि आईने फोनच ओढून घेतला. तुमचे प्रश्न राहिले ते राहिलेच. आईला हे वाचून दाखवणार असाल तर कातडीचा भाग गाळा.

एच-१बी व्हिसावर असताना इथे सहसा बंदूक घेता येत नाही. ग्रीन कार्ड आलं, फॉर्म भरला, सरकारी तपासणी झाली आणि त्याच दिवशी पिस्तूल माझ्या हातात. .३२ बोअरच्या पिस्तुलाच्या परवान्यासाठी आपल्याकडे लोक किती उंबरे झिजवतात ते आठवून मलाच कसंतरी झालं.

घेतलं ते .४५ बोअरचं, जुनं आणि आखूड. ब्राउनिंगच्या मूळ '१९११' पिस्तुलाची नळी पाच इंची, याची साडेतीन. पर्समध्ये मावेल एवढाच विचार केला. गोळी मात्र तीच, जवळजवळ १५ ग्रॅमची, आणि तिचा धक्का पेलायला वजन कमी. विसाव्या गोळीला अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलली. त्यानंतर दर चार-पाच बारांनी अडायला लागलं. रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या ऐवजी खिडकीतच उभी राहायची.

मी पिस्तुलाला शिव्या घातल्या. रेंजवरच्या म्हाताऱ्या शिक्षकाने माझंच पिस्तूल घेऊन अख्खं मॅगझिन रिकामं केलं, एकदाही अडलं नाही. म्हणाला, "तुझं मनगट ढिलं पडतंय." वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे जाताना खालची मूठ जागची हलता कामा नये, मनगट दबलं की स्लाइड पुरती मागे जात नाही, पुंगळी अडकते. तुमच्या रिव्हॉल्व्हरला हे दुखणंच नाही, चाप ओढला की गोळीचं पुढचं घर आपोआप समोर. मला दुखत होतं, म्हणून बार काढायच्या आधीच हात सैल पडत होता.

मग आधी दुखणं काढलं. मुठीच्या जाड लाकडी फळ्या काढून पातळ बसवल्या, तेव्हा कुठे बोट चापापर्यंत नीट पोचलं. बेचक्यात रुतणारी कड बंदुकांच्या मिस्त्रीकडून गोल करून घेतली. सेफ्टीजवळच्या कामाला मी स्वतः कानस लावणार नाही, तुम्हीही रागावला असता. त्यानेच स्लाइडला परत पुढे ढकलणारी स्प्रिंग काढून नवीशेजारी ठेवली. जुनी पेराभर आखूड! मोठ्या पिस्तुलात १६ पौंडांची चालते, या छोट्याला २२ ची लागते आणि ती दमतेही लवकर. आधीच्या मालकाने बहुधा कधी बदललीच नव्हती. आता स्लाइड ओढताना दंड भरून येतात, तो भाग वेगळा.

त्यानंतरच्या दोनशे गोळ्यांत दोनदाच अडलं, दोन्ही वेळा एकाच मॅगझिनने. मॅगझिनांवर नेलपॉलिशने आकडे घातलेत म्हणून कळलं. दोन नंबरचं आता फक्त सरावाला.

पिस्तूल कुलपाच्या पेटीत असतं, किल्ली माझ्याकडेच. चिनूला पेटीत काय आहे ते सांगितलंय, किल्ली कुठे ते नाही.

ट्रेनिंगमध्ये तुम्हाला मनगटासाठी काही व्यायाम द्यायचे का? पुढचा फोन आईच्या आधी तुम्हीच उचला.

तुमची,
सुमी