चालणारी लघुबंदूक हे खेळणे नव्हे

माननीय संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सूक्ष्मकलांविषयी नुकताच जो लेख प्रसिद्ध झाला, त्यात तांदळाच्या दाण्यावर अक्षरे कोरणाऱ्या कारागिरांपासून नखाएवढ्या पुस्तकांपर्यंत अनेक गोष्टींची आस्थेने दखल घेतली होती. हाताने घडवलेल्या लघुबंदुकांचा उल्लेख मात्र 'श्रीमंतांची खेळणी' एवढ्या दोन शब्दांत उरकला गेला. मी चिंचवडच्या एका कारखान्यातील टूलरूममध्ये नोकरीची सारी वर्षे काढली. निवृत्तीनंतर मुलीकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यात राहावयास आलो आणि येथे चकमकीच्या रायफलीची चतुर्थांश आकाराची, प्रत्यक्ष बार उडवणारी प्रतिकृती घडवण्याच्या छंदात पूर्णपणे गुंतलो आहे. त्या दोन शब्दांमुळे एका अत्यंत अवघड कारागिरीविषयी वाचकांचा ग्रह चुकीचा होईल, असे वाटल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आपल्या इतिहासाच्या वाचकांना ठासणीची बंदूक ठाऊक असते, पण ती बहुधा तोडेदार असते. पेटता तोडा रंजकावर, म्हणजे बार पेटवण्यासाठी बाहेर ठेवलेल्या चिमूटभर बारुदीवर, टेकवला की बार उडतो. चकमकीच्या बंदुकीत पेटता तोडा बाळगावा लागत नाही. घोडा नावाच्या हलत्या भागाच्या जबड्यात गारेचा तुकडा घट्ट धरलेला असतो. चाप ओढला की घोडा पुढे झेपावतो आणि ती गार फ्रिझन नावाच्या उभ्या पोलादी पात्यावर घासत खाली उतरते. त्या धक्क्याने पाते उघडते, खालच्या प्याल्यातील रंजक उघडे पडते आणि ठिणग्या नेमक्या त्यात जाऊन पडतात. ठिणग्या दगडाच्या असतात असा समज सर्वत्र आढळतो, परंतु त्या पोलादाच्या असतात. गार पोलादाचे अतिसूक्ष्म कण खरवडून काढते, घर्षणाने तापलेले ते कण हवेत पेट घेतात आणि बारूद पेटवतात. ही रचना फ्रान्समधील लिझिये येथील मारँ ल बूर्ज्वा याने 1610च्या सुमारास सिद्ध केली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून ते 1840च्या आसपास टोपीच्या (आघाताने पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीने बार उडवणाऱ्या) बंदुकांनी तिची जागा घेईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड शतक, युरोपातील सैन्ये तिच्यावरच अवलंबून होती.

मी राहतो तो परगणा या बंदुकीच्या एका खास जातीसाठी प्रसिद्ध आहे. अठराव्या शतकात जर्मन प्रदेशांतून आलेल्या कारागिरांनी त्यांच्या मायदेशातील आखूड आणि जाड नळीच्या रायफलीला येथे लांब, सडपातळ रूप दिले. माइन्झमध्ये जन्मलेला आणि लँकेस्टरमध्ये आयुष्य घालवलेला जेकब डिकर्ट हा त्यांच्यातला नामवंत. सुमारे 44 इंचांची अष्टकोनी नळी, लाटांसारख्या रेषा असलेल्या मेपलच्या लाकडाचा दस्ता आणि दस्त्यात बसवलेली पितळी झाकणाची पेटी, अशी ती रायफल असते. हे काम पुढे विस्मरणात गेले होते. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गसलर यांनी 1960च्या दशकात लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून, जुन्या पद्धतीने, संपूर्ण रायफल हाताने घडवून दाखवली आणि त्यानंतर या विद्येला पुन्हा माणसे मिळाली. लघुप्रतिकृती करणारे आम्ही लोक त्याच ज्ञानावर उभे आहोत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मूळ वस्तूची सर्व मापे चाराने भागली की चतुर्थांश आकाराची वस्तू तयार होते, अशी समजूत असते. केवळ दिसण्यापुरती वस्तू हवी असेल तर ती समजूत खरी आहे. बंदूक चालावी असा आग्रह धरला की मात्र निसर्गनियम आडवे येतात, कारण लांबी चौपट कमी झाली तरी बाकीच्या गोष्टी त्याच प्रमाणात कमी होत नाहीत. स्प्रिंगमध्ये साठवता येणारी ऊर्जा तिच्या घनफळाबरोबर घटते, म्हणजे ती मूळच्या एक चौसष्टांश उरते. गारेने खरवडायचे पोलादाचे क्षेत्रफळ मात्र एक षोडशांशच होते. याचा अर्थ, खरवडण्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला मूळ बंदुकीच्या फक्त पाव हिस्सा ऊर्जा मिळते. मापांशी शंभर टक्के प्रामाणिक राहून केलेले लॉक, म्हणजे ठिणगी पाडणारी सारी यंत्रणा, सुरेख दिसते, खटकन वाजते आणि बहुधा ठिणगी पाडत नाही. मग मुख्य स्प्रिंग प्रमाणापेक्षा थोडी जोरकस करायची, फ्रिझनची स्प्रिंग थोडी हलकी ठेवायची, गार पात्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ कोणत्या कोनात टेकेल हे कानशीच्या एकेका हाताने बदलत जायचे आणि हे सारे करताना बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्याला प्रमाण बिघडल्याचे जाणवू द्यायचे नाही. या छंदातील सारे कौशल्य माझ्या मते या तडजोडीत आहे. लहान वस्तू करणे हा चिकाटीचा भाग झाला. लहान वस्तूकडून मोठ्या वस्तूचे काम करून घेणे यासाठी मूळ यंत्र मुळापासून समजावे लागते.

स्प्रिंगांचीच गोष्ट घ्या. पोलादाला पाणी देणे म्हणजे काय, हे आपल्याकडील लोहारांना आणि टूलरूममधील कामगारांना सांगावे लागत नाही. तांबडालाल तुकडा तेलात बुडवून कडक करायचा आणि नंतर निळा रंग चढेपर्यंत, म्हणजे सुमारे 300 अंश सेल्सिअसपर्यंत, पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा. मोठ्या तुकड्याच्या बाबतीत हे शांतपणे करता येते. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ स्प्रिंग मात्र भट्टीतून तेलापर्यंत नेतानाच हवेत थंड होते आणि कडक होण्याची वेळ निघून जाते. निळा रंगही तिच्यावर येतो आणि क्षणात पुढे सरकतो. म्हणून काही जण तेलाचे भांडे ज्योतीला अगदी चिकटून ठेवतात, तर काही जण स्प्रिंग एखाद्या जाड पत्र्यावर ठेवून पत्र्यासकट तापवतात. ज्या रायफलींना दुहेरी चाप असतो, त्यांच्या टंबलरमध्ये, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या आतल्या तुकड्यात, फ्लाय नावाचा एक सैल तुकडा बसवावा लागतो. घोडा पुढे जाताना, तो अर्धवट ताणून ठेवण्यासाठी असलेल्या खाचेत अडकू नये, एवढेच त्याचे काम. चतुर्थांश आकारात तो तांदळाच्या कणीएवढा होतो, पण त्यालाही पाणी द्यावेच लागते, कारण मऊ राहिला तर थोड्याच वापरात त्याची कड झिजते.

गारेच्या बाबतीत मला आपल्या मातीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. बंदुकीच्या गारांसाठी इंग्लंडमधील सफक परगण्यातले ब्रँडन हे गाव विख्यात होते. तेथील कारागीर हातोडीच्या नेमक्या घावांनी चकमकीचे पाते काढत आणि त्याचे चौकोनी तुकडे पाडत. लघुबंदुकीला लागणारी गार तीन-चार मिलिमीटर रुंदीची असते. हिऱ्याच्या चकतीने कापलेल्या अकीकाचा तुकडा मापात अचूक येतो, पण त्याची धार घावाने निघालेल्या धारेइतकी तीक्ष्ण नसते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत सापडणाऱ्या गारगोटीची आणि कॅल्सेडनीची बारीक पाती काढण्याची विद्या ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्राला उत्तम अवगत होती. इनामगावच्या उत्खननात अशी पाती मोठ्या संख्येने मिळाली आहेत. त्या पात्यांची धार ज्यांनी पाहिली असेल, त्यांना दगड कापण्यापेक्षा तो फोडण्यात कारागिरी का आहे हे लगेच उमगेल.

लाकूडही आकाराने लहान होत नाही. मेपलच्या पूर्ण आकाराच्या दस्त्यावर शोभणाऱ्या लाटा छोट्या दस्त्यावर बेढब दिसतात, म्हणून नासपतीसारख्या झाडाचे बारीक पोताचे लाकूड निवडावे लागते. लॉक दस्त्यात बसवताना त्याच्या पाठीला काजळी फासायची, ते जागेवर दाबायचे, लाकडावर जेथे काळा डाग उमटेल तेवढेच छिलून काढायचे आणि संपूर्ण पृष्ठभागावर सारखा डाग येईपर्यंत हे करत राहायचे. जुने बंदूककार हेच करत. नळीतील आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या नागमोडी खाचा, पाडण्याची रीतसुद्धा तीच आहे. नळीचा अंतर्व्यास मूळचा अर्धा इंच असेल तर येथे तो सव्वातीन मिलिमीटरांच्याही आत येते. त्यात सात आटे पाडायचे म्हणजे प्रत्येक आट्याला आणि दोन आट्यांमधल्या प्रत्येक कडेला पाऊण मिलिमीटरही वाट्याला येत नाही. मूळ रायफलीत आटा 48 इंचांत एक फेरा घेत असेल तर येथे तो 12 इंचांत घेतो. कापणारे दाताळे हाताने ओढायचे, प्रत्येक आटा एकदा खरवडून झाला की दाताळ्याखाली पातळ कागदाची पट्टी सरकवायची आणि पुन्हा पहिल्या आट्यापासून सुरुवात करायची. हे काम घाईत होत नाही.

एवढे झाल्यावरही बंदूक चालेलच असे नाही. प्याल्यातील ज्वाला ज्या छिद्रातून नळीत शिरते ते मूळ बंदुकीत सुमारे 1.6 मिलिमीटरचे असते. प्रमाणानुसार ते 0.4 मिलिमीटर करावे लागेल, पण एवढ्या अरुंद वाटेत ज्वालेची उष्णता भिंतीच शोषून घेतात. शिवाय काळ्या बारुदीच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग जळाल्यानंतर घन राखेच्या आणि काजळीच्या रूपाने मागे राहतो आणि एका बारातच ते छिद्र बुजते. त्यामुळे छिद्र प्रमाणापेक्षा मोठे ठेवून आतून निमुळते करावे लागते आणि प्रत्येक बारानंतर सुईने साफ करावे लागते. उडणारी शिशाची गोळी एक पंचमांश ग्रॅमही भरत नाही. ती कागदी लक्ष्यावर जेथे नेम धरला तेथे लागली, तरच लॉक, नळी, आटे, दस्ता ही सारी कामे खरी उतरली असे समजायचे. 'खेळणी' या शब्दाला माझा आक्षेप आहे तो यामुळे. खेळण्याला अशी परीक्षा द्यावी लागत नाही.

श्रीमंतांच्या हौसेचा आरोप इतिहासात अगदीच निराधार नाही, हेही मान्य केले पाहिजे. सतराव्या शतकाच्या आरंभी न्यूरेंबर्गचा मिखाएल मान बोटभर लांबीची चक्रयंत्राची, म्हणजे फिरत्या चाकाने ठिणगी पाडणारी, पिस्तुले घडवत असे आणि त्यांचे गिऱ्हाईक धनिकच होते. आज अमेरिकेतील मिनिएचर आर्म्स सोसायटीसारख्या संस्थांत जी माणसे भेटतात त्यांच्यात घड्याळजी, दंतवैद्यकाची साधने करणारे आणि माझ्यासारखे निवृत्त टूलमेकर पुष्कळ असतात. त्यांचे भांडवल म्हणजे एक लहान लेथ, कानशी, भिंग आणि वेळ.

आता एक गोष्ट महाराष्ट्रातील तरुण वाचकांसाठी अत्यंत स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. अमेरिकेच्या 1968च्या केंद्रीय कायद्याने तोंडाकडून ठासायच्या काळ्या बारुदीच्या बंदुकांना बहुतेक निर्बंधांतून वगळले आहे, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत. भारतात तशी मोकळीक नाही. 1959च्या शस्त्र अधिनियमानुसार स्फोटक द्रव्याच्या साहाय्याने गोळी फेकणारी कोणत्याही वर्णनाची वस्तू अग्निशस्त्रात मोडते. ती वीतभर आहे की हातभर, याने फरक पडत नाही. परवान्याशिवाय ती घडवणे हा गंभीर गुन्हा आहे. ज्याचा खेळण्याव्यतिरिक्त उपयोग होऊ शकत नाही आणि ज्याचे चालू शस्त्रात रूपांतरही करता येत नाही, अशी वस्तूच त्या व्याख्येतून सुटते. म्हणून तेथे कोणाला या कामाची ओढ वाटली तर त्याने बारूद आणि पोकळ नळी यांच्या वाटेला मुळीच जाऊ नये. भरीव नळीची, छिद्र नसलेली प्रतिकृती करावी, किंवा त्याहून चांगले म्हणजे लॉकची रचना मूळच्या चौपट-पाचपट मोठ्या आकारात लाकूड आणि पितळ वापरून करावी. टंबलर, त्याला अडवून ठेवणारा सिअर नावाचा खटका आणि स्प्रिंग एकमेकांना कसे धरून ठेवतात आणि कसे सोडतात, हे त्यात मोकळेपणाने दिसते आणि यंत्रविद्येचा जो गाभा आहे तो पूर्ण हाती येतो.

याच संदर्भात आपल्या वृत्तपत्राद्वारे संग्रहालयांना एक विनंती करावीशी वाटते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातील संग्रह येथे शस्त्रे पाहावयास सतत गर्दी असते. चकमकीच्या बंदुकीचा आपल्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे. महादजी शिंद्यांसाठी द बॉइन्य या सेनाधिकाऱ्याने युरोपीय धर्तीवर पलटणी उभारल्या, त्यांच्यासाठी आग्र्याच्या कारखान्यात सँग्स्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली बंदुका तयार होत असत. अशी बंदूक भिंतीवर आडवी टांगली की प्रेक्षकाला नळी, दस्ता आणि फार तर घोडा दिसतो. जेथे सगळी करामत आहे ते लॉक आतल्या बाजूने लाकडात दडलेले राहते. अशा बंदुकांजवळ लॉकची आतली बाजू उघडी दाखवणारे, हाताने फिरवता येणारे मोठे प्रारूप ठेवले तर त्याचा खर्च फारसा येणार नाही. मूळ वस्तूला हातही लावावा लागणार नाही. हे काम एखाद्या आयटीआयच्या फिटर शाखेकडे प्रकल्प म्हणून सोपवता येईल. कोणत्याही संग्रहालयाची तशी तयारी असेल तर लॉकच्या सर्व भागांची मापांसह रेखाचित्रे मी आनंदाने आणि विनामूल्य तयार करून देईन. त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याशी संपर्क साधावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
(मूळ चिंचवड; सध्या लँकेस्टर परगणा, पेनसिल्व्हेनिया)