काढलेला खुबा टाकू देऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचल्यापासून चैन नाहीये. खुबा बदलून चार वर्षंही झाली नाहीत आणि आता परत ऑपरेशन, रक्तात कोबाल्ट-क्रोमियम वाढलेलं, आणि तू लिहितोस की माझंच नशीब. नशीब नाही रे, धातूच्या कृत्रिम खुब्यात धातूवर धातू घासला की त्याचेच बारीक कण सुटतात, आजूबाजूचं मांस-हाड खराब करतात, हे कधीच माहिती झालंय. डीप्यू कंपनीने एएसआर नावाचा कृत्रिम खुबा २०१० च्या ऑगस्टमध्ये परत बोलावला तोवर जगभरात ९३,००० च्या आसपास लोकांना तो बसवला होता, आणि ब्रिटनच्या नोंदींत ५ वर्षांत साधारण १२-१३ टक्के लोकांचं ऑपरेशन पुन्हा करावं लागल्याचं दिसलं. तुझा कुठल्या कंपनीचा ते आधी बघ.

आता कंपनीवर भरपाईची केस करायची तर सगळ्यात महत्त्वाचं. ऑपरेशनच्या आधीच सर्जनला लेखी दे की काढलेला भाग मला हवाय, फेकू नका. वकिलाला विचारून तो कुठे, कोणाच्या ताब्यात ठेवायचा ते ठरव, कोणाकडून कोणाकडे गेला याची सही-तारखेसकट नोंद ठेव, आणि कंपनीचा माणूस तपासायला मागायला आला तर देऊ नकोस, कितीही गोड बोलला तरी. कारण केस उभी राहिली की कंपनी म्हणणार सर्जनने कप (खुब्याचा वाटीसारखा भाग) तिरका बसवला, पेशंटचं वजन जास्त, आणि त्याला उत्तर द्यायला तो तुकडाच लागतो, त्याच्यावर झीज कुठे आणि कशी झालीय ते तज्ज्ञ मोजून सांगतात. तुकडा गेला की नुसतं तुझं म्हणणं उरतं.

दुसरं म्हणजे पहिल्या ऑपरेशनची पूर्ण फाईल मागून घे, नुसतं डिस्चार्ज कार्ड नाही. ऑपरेशन नोट्सना इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर चिकटवलेले असतात, त्यावर मॉडेल आणि लॉट नंबर (कुठल्या खेपेत बनला तो) असतो. तो नसला तर कुठल्या कंपनीचा होता हे सिद्ध करणं अवघड जातं.

आणि रिकॉल झाला म्हणजे भरपाई आपोआप मिळते असं समजू नकोस. डिझाइनच चुकलं, की बनवताना गडबड झाली, की धोका माहीत असून सांगितला नाही, यातलं काहीतरी दाखवावं लागतं. वकील साधा नको, मेडिकल डिव्हाइसच्या केसेस केलेला बघ आणि फीचं आधीच लेखी घे. कंपनीकडून खर्च देतो म्हणून फॉर्म आला तर वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय सही करू नकोस, त्यात पुढचे सगळे हक्क सोडल्याचं वाक्य असू शकतं. मुदतही असते, कुठे २ वर्षं, कुठे ३, आणि ती बहुतेक वेळा त्रासाचं कारण कळलं तिथून मोजतात, म्हणजे तुझा रिपोर्ट आला तेव्हापासून धरून चाल. दुखण्यात हे सगळं करायचं जिवावर येतं, कळतंय मला, पण बरं वाटल्यावर बघू म्हणता म्हणता कितीतरी लोकांची मुदत निघून जाते.

सर्जनच्या पत्राचा मसुदा मी करून आजच पाठवतो, तू फक्त सही करून दे आणि पोच घे.

तुझाच,
मित्र