तुझ्या वेळापत्रकावर आईची लाल शाई

हॅनकॉक, मिशिगन
जानेवारीचा दुसरा रविवार

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फेब्रुवारीत तुम्ही चौघे मित्र शिकागोहून इकडे येणार, त्या सहलीच्या वेळापत्रकाची तुझी एक्सेल शीट मिळाली. बाबांनी तिची प्रिंट काढून फ्रिजवर लावली आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवतायत. सकाळी सात ते रात्री दहा, तासातासाचे रकाने, जेवायला पंचवीस मिनिटं. मी मात्र लाल पेन घेऊन बसले. फोनवर सांगायला गेलं की तू ‘हो आई, कळलं आई’ करतोस आणि मागे मित्र खिदळतात, म्हणून लिहूनच पाठवते. चौघांनी वाचायचं, तू एकट्याने नाही.

आधी ते सकाळचे सात खोड. इथलं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आणि आपण त्या वेळेच्या पट्ट्याच्या पार पश्चिम टोकाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला उजाडायलाच आठ वाजून जातात. संध्याकाळी मात्र सहापर्यंत उजेड असतो. जे काही उघड्यावर करायचं ते नऊ ते चारमध्ये बसवा.

आता मुख्य. तुझ्या शीटमध्ये सगळं आहे, फक्त लेक सुपीरियर कुठे नाही. म्हणजे नाव आहे, फोटो काढायच्या जागेच्या रकान्यात. अरे, इथे रस्ता उघडा की बंद, बर्फ किती, वारा कुठून, हे सगळं ते तळं ठरवतं. तळं म्हणायचं आपलं. ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त पाणी, आणि सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर. उत्तरेचा कोरडा, गार वारा या पाण्यावरून येतो. पाणी हवेपेक्षा गरम असतं, त्यामुळे वारा वाफ उचलतो आणि आपल्या कीविनॉ द्वीपकल्पाच्या कण्यावर चढताना ती बर्फ करून टाकून देतो. जूनमध्ये अरबी समुद्रावरून आलेले ढग ताम्हिणी घाटात जे करतात तेच. आणि घाटात कोसळत असताना पुण्यात भुरभुर असते, तसंच वाटेत ग्रीन बेला लख्ख ऊन असेल आणि लान्स गावाच्या पुढे तुला स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसणार नाही. तेव्हा शिकागोचं हवामान बघून निघायचं नाही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या मार्केट (Marquette) गावातल्या ऑफिसचा अंदाज बघायचा, तोही आदल्या रात्री आणि निघताना, दोनदा.

१९७८-७९च्या हिवाळ्यात कीविनॉ काउंटीत ३९०.४ इंच बर्फ पडला, म्हणजे साडेबत्तीस फूट. मोहॉकच्या पुढे यूएस-४१वर त्याची उंचच उंच पट्टी उभी केली आहे, तिथे फोटो काढा, तो रकाना ठेवलाय. एरवीही वर्षाला दोनशे इंच ही काही बातमी नसते. इथली माणसं फावड्याने बर्फ उचलत बसत नाहीत. दोन हातांनी ढकलायचा पत्र्याचा मोठा सूप असतो, त्याला यूपर स्कूप म्हणतात. तुम्हा चौघांसाठी एक बाहेर काढून ठेवला आहे.

खोडलेल्या गोष्टी सांगते.

आईल रॉयल. तुम्ही ‘शुक्रवार, बोटीने’ लिहिलंय. ते नॅशनल पार्क १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल पूर्ण बंद असतं, बोट नाही की माणूस नाही. हिवाळ्यात तिथे जातात ते फक्त लांडगे आणि मूस यांचा अभ्यास करणारे संशोधक, स्की लावलेल्या छोट्या विमानाने. तो अभ्यास १९५८पासून चालू आहे आणि इथल्या मिशिगन टेकमधूनच चालतो.

माउंट बोहिमिया. स्कीइंगच्या त्या डोंगरावर पाटीच आहे: नवशिक्यांना मनाई. उतार सपाट करून ठेवत नाहीत, झाडांमधून, कड्यांवरून जायचं. तू हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने चढलास याचं मला कौतुक आहे, पण तिथे पायाखाली दगड होता. शिकागोजवळच्या टेकडीवर दोन शनिवार घसरून कोणी बोहिमियाला जात नाही. पी हळद नि हो गोरी असं होत नसतं. त्याऐवजी माँट रिप्ली. आपल्या घरापासून दहा मिनिटं, कॉलेजचीच टेकडी आहे, शिकणाऱ्यांसाठी वेगळा उतार आहे. वरून कालवा, पूल, पलीकडचं होटन सगळं दिसतं.

ब्रॉकवे माउंटनचा रस्ता हिवाळ्यात गाड्यांना नसतोच, तिथे स्नोमोबाइल जातात. स्नोमोबाइलला माझी ना नाही. अर्धा दिवस भाड्याने घ्या, हेल्मेट आणि ट्रेल परमिटसकट, आणि आखलेल्या ट्रेलवरूनच चालवा. जुन्या रेल्वेमार्गांवरून छान ट्रेल केल्या आहेत. होटनचा लिफ्ट ब्रिज माहीत आहे ना तुला, हिवाळ्यात त्याचा मधला भाग पूर्ण खाली उतरवून ठेवतात, वरून गाड्या आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल. ते एकदा करण्यासारखं आहे. पण तळ्यावर न्यायची नाही. ट्रेलवर बिअरही नाही. तुझ्या त्या उंच मित्राला हे खास सांग.

आणि अपॉसल आयलंड्सच्या बर्फाच्या गुहा. हा रकाना तू पिवळा रंगवलायस. विस्कॉन्सिनमध्ये, इथून तीन-साडेतीन तास. २०१४ साली सुपीरियर इतकं गोठलं होतं की लोक तळ्यावरून चालत गुहांपर्यंत जाऊ शकले. त्या हिवाळ्यात एक लाख अडतीस हजार माणसं येऊन गेली. तू पाहिलेले फोटो बहुधा तेव्हाचेच. नंतरच्या बहुतेक हिवाळ्यांत तेवढा बर्फ धरलाच नाही. २०२३-२४ला तर इथल्या कुत्र्यांच्या स्लेजच्या शर्यतीसुद्धा रद्द कराव्या लागल्या होत्या, जमिनीवरच बर्फ नव्हता. पार्कवाल्यांनी गुहा उघडल्याचं जाहीर केलं तर मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. नाही केलं तर ‘जाऊन बघू तरी’ हे चालणार नाही.

का, ते नीट सांगते. शेजारचे आजोबा फिनिश वंशाचे, जन्म इथलाच, हिवाळाभर पोर्टेज लेकवर बर्फाला भोक पाडून मासे धरतात. मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. हातात लोखंडी पहार, आणि दर चार पावलांवर ती बर्फावर आपटायची. घट्ट बर्फाचा आवाज वेगळा, भरीव. पातळ जागी पहार एका घावात आत जाते. पुढे ऑगरने भोक पाडलं, आकड्याची पट्टी आत सोडली, खालच्या कडेला अडकवून वर बोटाने खूण धरली. काळसर, काचेसारखा आरपार बर्फ चार इंच असेल तर माणूस चालू शकतो. पांढरा, दुधट बर्फ असेल तर दुप्पट लागतो, कारण त्यात हवा असते. त्या दिवशी एका भोकात सहा इंच निघाला. पन्नासेक पावलांवर, वरून अगदी तसाच दिसणाऱ्या जागी, तीन. आजोबांनी काही न बोलता सामान गोळा केलं आणि आल्या वाटेने आम्ही परत फिरलो.

हे झालं छोट्या, आडोशाच्या पाण्याचं. सुपीरियरवर वाऱ्याने दिशा बदलली की किनाऱ्याला चिकटलेला बर्फाचा आख्खा पट्टा तुटून आत वाहत जातो, वर कोण आहे ते न विचारता. किनाऱ्यावरही सांभाळायचं. मॅक्लेन पार्कला तुम्हाला नेणार आहे. तिथे लाटा बर्फाच्या फटींमधून उसळून वर पाणी फेकतात आणि त्या पाण्याचे सुळके तयार होतात, ज्वालामुखीसारखे. दिसायला अप्रतिम. पण ते ज्यावर उभे असतात ती जमीन नव्हे. खाली पाणी असतं, मध्ये पोकळ्या असतात. बघायचं ते वाळूवर उभं राहून. पुलाच्या आसपासही बर्फावर पाय ठेवायचा नाही, प्रवाहामुळे तिथे तो पातळ राहतो.

देव न करो, पण कोणी पाण्यात गेलंच तर पाठ करून ठेवा. पहिलं मिनिट फक्त श्वास आवरायचा, कारण गार पाण्याच्या धक्क्याने माणूस पाणीच ओढतो. मग साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात, तेवढ्यात बाहेर पडायचं. शुद्ध जायला तासभर लागतो, म्हणून घाबरून पहिल्या मिनिटात शक्ती घालवायची नाही. ज्या बाजूने आलास तिकडे तोंड फिरव, तिथला बर्फ तुला पेलत होता. दोन्ही हात बर्फावर, पायांनी पोहल्यासारखे जोरात फटके, आणि वर आलास की उभा राहू नकोस, लोळत लांब जा. गळ्यात अडकवायचे टोकदार दांडे मिळतात, बर्फात रुतवून ओढून घ्यायला. चार जोड्या आणून ठेवल्या आहेत. हसू नका.

कपड्यांचं थोडक्यात. जीन्स आणि सुती बनियन शिकागोतच ठेवून या, सुती कापड घाम धरून ठेवतं आणि मग तेच गारठवतं. आत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं, वर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं. मोज्यांचे दोन जोड घालून बूट घट्ट करायचे नाहीत, रक्त फिरलं नाही तर पाय आणखी गार पडतो. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची; पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकण अडकत नाही. फोन आतल्या खिशात. नाकाचा शेंडा, कान, बोटं पांढरट आणि बधिर दिसली तर चोळायचं नाही. आत यायचं आणि कोमट पाणी किंवा अंगाची ऊब.

गाडीचं बाबांनी सांगितलंच असेल, पण एक मी सांगते. वाटेत अडकलात तर गाडी सोडून चालू लागायचं नाही. आणि इंजिन चालू करण्याआधी मागचा सायलेन्सर बर्फातून मोकळा करायचा, नाहीतर विषारी धूर आत येतो आणि कळतसुद्धा नाही.

एवढं खोडल्यावर उरलं काय म्हणशील. पुष्कळ उरलं. बुधवारी रात्री झोपायचं नाही. मिशिगन टेकचा विंटर कार्निव्हल १९२२पासून चालू आहे, त्यात मुलं महिनाभर खपून बर्फाचे मोठाले देखावे उभारतात आणि त्या बुधवारी अख्खी रात्र कॅम्पसवर लहान-मोठे पुतळे घडत असतात. गाणी, शेकोट्या, हातात बादल्या, आणि पाणी मारलं की बर्फ जागच्या जागी गोठतो. आपल्याकडे गणपतीच्या आदल्या रात्री मांडवात असते ना, तीच लगबग. एखाद्या गटाला विचारलंत तर कामालाही लावतील.

गुरुवारी उशिरा उठून स्नोशू लावून हंगेरियन फॉल्सला जाऊ. स्नोशू घालून चालायला काही शिकावं लागत नाही, पाय जरा फाकवून टाकायचे इतकंच. या भागातले मूळचे ओजिब्वे लोक लाकूड वाकवून आणि कातड्याच्या पट्ट्या विणून ते करायचे. आपल्याकडचे ॲल्युमिनियमचे आहेत. धबधबा गोठलेला असतो, पण कान देऊन ऐकलंस तर आत पाणी वाहत असतं. धबधब्याच्या तोंडाशी जायचं नाही, हे लिहायला नको खरं तर.

परत आल्यावर आजोबांकडे सॉना. त्यांनी स्वतःहून बोलावलं आहे, लाकडावर तापवतात. तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं की जो वाफेचा लोट अंगावर येतो, त्यात दोन मिनिटं गप्प बसायचं, मग हवं तर बाहेर बर्फात लोळा. त्यांची सून वेलदोडा घातलेला निसू ब्रेड करते, तो खायचा. पास्टीही खायची: खाणीत उतरणाऱ्या कॉर्निश कामगारांनी इथे आणलेली, जाड पारीत मांस, बटाटा, कांदा आणि रुटाबागा, म्हणजे सलगमसारखा कंद. तू शाकाहारी मित्र आणतोयस, त्याच्यासाठी मी घरी वाटाणा-बटाट्याची करीन.

एक अख्खा दिवस मी कोरा ठेवलाय. भरू नका. वादळ आलं तर तो घरात जाईल, पत्ते खेळू. नाही आलं तर कॉपर हार्बरपर्यंत जाऊन येऊ, जिथून यूएस-४१ सुरू होतो आणि थेट मायामीला पोचतो. कुठला दिवस कोरा, ते तळं ठरवेल.

बरागाला आलात की फोन करा, तिथून चाळीस मिनिटं. अंगणात गाडी रस्त्याकडे तोंड करून लावायची, रात्री बर्फ लोटणारी नांगराची गाडी येते.

सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. येताना शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवरून कुळथाचं पीठ, चुरमुरे, ओला नारळ आणि कढीपत्ता. कढीपत्ता डिकीत ठेवू नकोस, काळा पडतो. बाबांनी ‘बाकरवडी’ म्हणून सांगितलंय, ती आणू नकोस.