विषय क्र. ५ : करणे

प्रिय मित्रा,

नाव लिहू नका असं तू बजावलंस, म्हणून नुसतं 'मित्रा'. पहिल्या पत्रात मी तुला 'महोदय' म्हटलं होतं आणि तू मला 'मॅडम'. चौथ्या दिवशी तू 'काकू'वर आलास आणि मी 'अरे'वर. हे पत्र तुला एकट्यालाही पाठवता आलं असतं. पण तुम्ही बनवता त्या एडिटरची, म्हणजे ब्राउझरमध्ये मजकूर लिहायच्या प्रोग्रामची, तक्रार मी चारचौघांत केली होती, तेव्हा आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमची सोसायटी कोथरूडमधली, तीन विंगची, ४८ सदनिकांची. सचिवपद सहा वर्षं माझ्याकडे आहे, कारण दुसरं कुणी घेत नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी काढावी लागते. गेल्या वर्षीची नोटीस मी तुमच्या एडिटरमध्ये टाइप केली. विषयपत्रिका म्हणजे क्रमांक घातलेली यादी, आणि तिची जवळजवळ प्रत्येक ओळ 'करणे'ने संपते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ताळेबंद स्वीकृत करणे. लेखापरीक्षकाची नेमणूक करणे. तर 'करणे' लिहून एंटर दाबली की नवा क्रमांक यायचा आणि त्याच्यापुढे पुन्हा एक 'करणे' आयतं उभं! मी बॅकस्पेसने ते खोडायची. एक दाब जास्त पडला की खालची ओळ वरच्या ओळीला जाऊन चिकटायची आणि पुढचे सगळे क्रमांक एकेक घर मागे. रात्री अकरा वाजता अशी दहा 'करणे' खोडली. अकरावं राहिलं.

सकाळी ४८ प्रती काढून वाटल्या, एक फलकावर लावली. दुपारी पाहते तो सी विंगमधल्या कुणीतरी विषय क्र. ५ ला लाल पेनने गोल केलेला आणि शेजारी लिहिलेलं, 'काय करणे?' पुण्यात एवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत त्याखाली आणखी तीन हस्ताक्षरं होती: 'विचार करणे', 'आधी पार्किंगचे काय ते करणे' आणि 'सचिव बदलणे'. हे तिसरं हस्ताक्षर मी ओळखते, पण असो. शुद्धिपत्रकाच्या ४८ प्रती पुन्हा काढाव्या लागल्या.

तक्रार त्याच रात्री लिहिली. 'यादी नीट चालत नाही. कृपया त्वरित लक्ष घालावे. आपली विश्वासू.' उत्तर तीन शब्दांचं आलं, 'इथे होत नाही', आणि तक्रार बंद. उत्तर देणारे गृहस्थ तू नव्हेस. त्यांच्यावर माझा रागही नाही, कारण त्यांच्याकडे खरंच होत नव्हतं. आणि हेच वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले आहे! वरच्या मजल्यावरचे येऊन सांगतात, पाणी येत नाही. मी आमचा नळ सोडते आणि म्हणते, आमच्याकडे तर येतंय बाई.

आठ महिन्यांनी, जूनमध्ये, तू ती बंद तक्रार उघडलीस. का उघडलीस ते मी विचारलं नाही. तू लिहिलं होतंस, 'होत असेल. कधी होतं आणि कधी होत नाही, एवढंच आधी बघू.' मित्रा, या पत्रात दुसरं काही आलं नसतं तरी या पहिल्या दोन शब्दांसाठी मी तुझे आभार मानले असते. आठ महिने मी धरून चालले होते की बोटं माझीच चुकत असणार. साठी उलटलेल्या बाईला तसं समजायला फार पुरावा लागत नाही.

मग तुझे प्रश्न सुरू झाले. सगळ्याच याद्यांमध्ये होतं का? मी म्हटलं, नाही, विषयपत्रिकेत होतं, ठरावांच्या यादीत होत नाही. मला वाटलं होतं की तू हसशील. विषय आणि ठराव यांतला फरक संगणकाला काय कळणार? तू हसला नाहीस. 'दोन्हींतल्या दोन-दोन ओळी जशाच्या तशा पाठवा.' नंतर म्हणालास, तोच संगणक, पण टाइप करणारं माणूस दुसरं, असं करून बघा. आमचे अध्यक्ष सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. ते इनस्क्रिप्टवर, म्हणजे कळ दाबली की थेट मराठी अक्षर देणाऱ्या कीबोर्डवर, टाइप करतात आणि त्याचा त्यांना भारी अभिमान आहे. त्यांना बोलावून बसवलं. दहा ओळी टाइप केल्या, एकही 'करणे' उगवलं नाही. 'मी म्हणत होतोच,' असं म्हणून चहा घेऊन गेले. काय म्हणत होते कुणास ठाऊक.

मी फोनेटिकवाली. इंग्रजी अक्षरांत 'karane' दाबायचं आणि मराठीत 'करणे' उमटवायचं, अशी. तेव्हा तुझा तो प्रश्न आला: 'एंटर दाबायच्या आधी, शेवटच्या शब्दाखाली रेघ दिसते का?'

इतकी वर्षं टाइप करते आहे, रेघ कधी पाहिली नव्हती. चष्मा पुसला, पानाचा आकार दुप्पट केला, हळूहळू अक्षरं दाबली. क, र, णे. आणि होती की रे! केसासारखी बारीक रेघ, फक्त त्या एका शब्दाखाली. स्पेस दिली, रेघ गेली. पुन्हा लिहिलं, पूर्णविराम दिला, रेघ गेली. पुन्हा लिहिलं आणि रेघ असतानाच एंटर दाबली. खाली 'करणे' हजर. मी एकटीच खोलीत टाळी वाजवली.

ठरावांच्या यादीत का होत नव्हतं तेही त्याच क्षणी लखकन कळलं. ठराव म्हणजे पुरं वाक्य, त्याला मी पूर्णविराम देते. विषयाला देत नाही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, ती सवय. म्हणजे व्याकरण पाळलं म्हणून मी बगमध्ये, प्रोग्रामच्या चुकीत, सापडत होते.

तू नंतर समजावलंस ते मी माझ्या शब्दांत सांगते; चुकलं तर अंगणात उभं कर. फोनेटिक कीबोर्डमध्ये रेघ असेपर्यंत शब्द कच्चा असतो, अजून बदलू शकतो. तेव्हा दाबलेली एंटर एडिटरसाठी नसतेच. ती कीबोर्डसाठी असते: 'हाच शब्द, पक्का कर.' पण कळ दाबल्याचा आवाज एडिटरलाही जातो. त्याने शब्द कच्चा आहे का हे विचारायला हवं, आणि ब्राउझर ते सांगतोही. तुमचा यादीचा भाग तेवढं विचारत नव्हता. एंटर ऐकली की ओळ तोडून नवा क्रमांक काढून मोकळा. मागून शब्द पक्का होऊन यायचा, तो नव्या ओळीत जाऊन बसायचा. इनस्क्रिप्टमध्ये कळ दाबली की थेट अक्षर, कच्चं काही उरतच नाही, म्हणून अध्यक्ष मोकळे. जपानी आणि चिनी लिहिणाऱ्यांना हा जाच फार जुना आहे म्हणालास. इंग्रजीत लिहिणाऱ्याला तो जन्मात दिसायचा नाही. 'इथे होत नाही' हे किती खरं होतं बघ.

ज्या शहरात १९८८ साली सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि संगणकावर आपल्या भाषा आणण्याचं एवढं काम झालं, त्या शहरात मी पेठेतल्या बाईसारखी निवडत बसले होते, तांदळातले खडे निवडावेत तशी 'करणे'.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. ती पुन्हा बिघडू नये म्हणून लिहिलेली चाचणी मात्र चाळीस ओळींची. हिंजवडीहून दमून येऊन तू रात्री साडेअकराला ती पाठवलीस, आणि मी सकाळी सातला तुला काय लिहिलं? 'आता एंटर दाबली तर काहीच होत नाही.' लाज वाटते आठवून. पहिली एंटर शब्द पक्का करते, नवी ओळ दुसरीने येते, हे तू न चिडता दुसऱ्यांदा सांगितलंस. दोनदा दाबायची सवय लागायला मला दोन दिवस लागले.

आणि मग जावयाच्या लॅपटॉपवर पुन्हा 'करणे'! ब्राउझर वेगळा होता. त्यात म्हणे क्रम उलटा: आधी 'शब्द पक्का झाला' हा निरोप येतो आणि मग एंटरचा. त्यामुळे एडिटरने विचारलं तरी उत्तर 'कच्चं काही नाही' असंच मिळायचं. तिथे दाबलेल्या कळीला ब्राउझरने दिलेला आकडा बघावा लागतो, तो २२९ असेल तर ती एंटर कीबोर्डची, सोडून द्यायची. 'कलम २२९' असं मी वहीत लिहून ठेवलं आहे. कोणत्या कायद्याचं ते विचारू नकोस.

तक्रार कशी लिहायची तेही तूच शिकवलंस. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मला ते एकदम जवळचं वाटलं, कारण सोसायटीत दरवर्षी आम्ही दोषदुरुस्ती अहवाल करतोच. लेखापरीक्षकाने दाखवलेला दोष आणि त्यावर आम्ही काय केलं, समोरासमोर. तिथे मी कधी 'कृपया लक्ष घालावे' लिहिलं नसतं. तुमच्याकडे मात्र बेधडक लिहिलं.

यंदाची नोटीस गेल्या आठवड्यात निघाली. अकरा विषय, अकरा 'करणे', एकही जास्त नाही. फलकासमोर सी विंगवाले लाल पेन खिशात घेऊन बराच वेळ उभे होते. शेवटी 'सभेस चहा असेल का?' एवढंच लिहून गेले.

तुला जेवायला बोलवायचं आहे. वाकडहून कोथरूड म्हणजे परदेशवारी, चांदणी चौकाची वेळ साधून ये. पुरणपोळी की उकडीचे मोदक ते आधी कळव.

आता आमच्या प्रत्येक सभेत शेवटी असतो तसा एक ऐनवेळचा विषय, अध्यक्षांच्या परवानगीने. इतिवृत्तात ठरावांची यादी केली. ठराव क्र. १ खाली, क्रमांकाशिवाय, सूचक आणि अनुमोदक यांची ओळ घातली. पुढच्या ठरावाला क्र. २ यायला हवा होता. पुन्हा १ आला. शब्दाखाली रेघ नव्हती, मी पाहिलं. अध्यक्षांना बसवून पाहिलं, त्यांच्याकडेही होतं. दोन्ही ब्राउझरमध्ये होतं.

घाई नाही. सभा २१ तारखेला आहे.

तुझी,
काकू
(सचिव)