नातवंडांची शाळा बदलताना आधी इयत्ता पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून नातवंडाला खासगी शाळेत घालण्याचा निर्णय कोल्हापुरात हल्ली अनेक घरांत आजी-आजोबांच्या पुढाकाराने होतो. मुलगा-सून पुण्याला नोकरीत, नातवंडे इथे, आणि फीचा पहिला हप्ता आजोबांच्या पेन्शनमधून. कोणती शाळा चांगली यावर घरात महिनाभर खल चालतो. मुलाला कोणत्या इयत्तेत हलवायचे, हे मात्र कोणी विचारात घेत नाही. मोठे नुकसान नेमके तिथेच होते.

चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा : ही तुकडी अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे सरकारी अनुदानाशिवाय फीवर चालणारी? एकाच संस्थेच्या एकाच आवारात मराठी शाळा अनुदानित आणि इंग्रजी शाळा विनाअनुदानित असू शकते. फलक एक, पण यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) दोन. ज्या शाळेत नाव घालणार तिचाच अकरा अंकी यू-डायस क्रमांक लिहून घ्या. 'सीबीएसई पॅटर्न' असा फलक असेल तर मंडळाचा संलग्नता क्रमांकही मागा. नुसता पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. अनुदानित शाळेत गेल्यास आठवीपर्यंतची मोफत पाठ्यपुस्तके आणि पोषण आहार सुरू राहतो. स्वयंअर्थसहाय्यित शाळेत दोन्ही बंद होतात. हा खर्च लोक पेलतात. खरा फटका पुढे आहे.

आठवीत होणाऱ्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलेच बसू शकतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. सातवीनंतर मूल विनाअनुदानित शाळेत नेले की परीक्षेला बसण्याचा हक्कच संपतो. परीक्षेत निवड झाल्यावर नववीला हलवले तर मिळालेली शिष्यवृत्ती जाते. साध्या उत्पन्नाच्या घरातील हुशार मुलाला सातवी-आठवीच्या उंबरठ्यावर हलवणे म्हणजे हातचे घालवणे आहे.

नवोदय या केंद्र सरकारच्या निवासी शाळांचा नियम त्याहून कडक आहे. कागलच्या जवाहर नवोदय विद्यालयातील सहावीच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्णपणे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले मूलच 'ग्रामीण' ठरते. या काळात एक दिवस जरी शहरातील शाळेच्या पटावर नाव लागले, तरी ते मूल शहरी गटात जाते. राहण्याचा पत्ता इथे उपयोगी पडत नाही, शाळा कुठे आहे ते पाहिले जाते. आपल्याकडे याला वेगळेच महत्त्व आहे, कारण पाचगाव, कळंबा, मोरेवाडी यांसारखी शहराला चिकटलेली गावे ग्रामपंचायतीत आहेत. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतून मूल तिसरीत शहरातल्या खासगी शाळेत आणले की ग्रामीण जागेवरचा दावा गेला. उलट, ग्रामपंचायतीच्या हद्दीत असलेली मान्यताप्राप्त खासगी शाळा निवडली तर तो टिकतो. हद्दवाढ झाली की हे गणितही बदलेल, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच ठरवावे. जिल्हा परिषदेच्या शाळांनी दुसरीच्या शेवटच्या पालकसभेत ही अट मोठ्याने वाचून दाखवावी, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. आज ती पाचवीत, अर्ज भरताना कळते.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याखालच्या खासगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांबद्दलही गैरसमज आहे. हे प्रवेश शाळेच्या प्रवेशस्तरावर, म्हणजे पहिलीला किंवा त्याआधीच्या वर्गाला होतात. तिसरी-चौथीत हलवताना त्या जागा मागता येत नाहीत.

आता माध्यमाकडे. मराठी माध्यमातून दुसरी पूर्ण केलेल्या मुलाला वजाबाकी येते, पण इंग्रजी पुस्तकातला 'हाऊ मेनी आर लेफ्ट' हा प्रश्न कळत नाही. 'सात चोक अठ्ठावीस' तोंडपाठ असते, वर्गात 'सेव्हन फोर्स आर' म्हटले की ते अडते, आणि बाई म्हणतात गणित कच्चे आहे. गणित कच्चे नसते. मे महिन्यात शिकवणी लावायचीच असेल तर इंग्रजी अक्षर गिरवण्यापेक्षा शंभरपर्यंतचे अंक इंग्रजीत ऐकून लिहिणे, बेरीज-वजाबाकीची दहा-पंधरा वाक्ये आणि वर्गात रोज वापरल्या जाणाऱ्या सूचना यांवर वेळ घालवा. चौथीनंतर परिसर अभ्यासाचे धडे लांब होतात, तेव्हा माध्यम बदलायचेच तर पहिली-दुसरीत बदलणे बरे. केवळ इंग्रजीसाठी हलवत असाल तर आधी जवळच्या सरकारी शाळेतील सेमी इंग्रजीची तुकडी पाहून या. जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पाडव्याला पालकांच्या रांगा लागतात, ते उगीच नाही.

वेळापत्रकाचा घोळही समजून घ्या. सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू करतात. आपल्या सरकारी शाळांची वार्षिक परीक्षा एप्रिलमध्येच चालू असते, निकाल मेच्या सुरुवातीला आणि नवे वर्ष १५ जूनला. खासगी शाळा एप्रिलमध्ये शाळा सोडल्याचा दाखला मागते, तो निकालाआधी देता येत नाही. अशा वेळी बोनाफाईड आणि पहिल्या सत्राचे प्रगतिपत्रक देऊन तात्पुरता प्रवेश लेखी घ्यावा. प्रवेश पक्का झाल्याचे पत्र हातात आल्याशिवाय जुन्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज करू नये. अर्जावर सही आई-वडिलांची लागते. ते बाहेरगावी असतील तर सहीचे अधिकारपत्र आणि आधारची प्रत आजोबांनी सोबत न्यावी.

दाखला मिळाला की घडी घालून पिशवीत टाकू नका. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरच तो जन्मदाखल्याशी आणि आधारशी ताडून पाहा : मुलाचे व आईचे नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ तालुका-जिल्ह्यासह, आणि जातीचा रकाना. या रकान्यात कधी कधी नुसते 'हिंदू' लिहून जात सोडलेली असते, आणि पुढे जात पडताळणीच्या वेळी कुटुंब हवालदिल होते. दाखला ही शाळेच्या जनरल रजिस्टरची नक्कल असते, म्हणून दाखल्याचा अर्ज देण्याआधीच रजिस्टरमधली नोंद पाहावी आणि दुरुस्ती तिथेच, मूल पटावर असताना करून घ्यावी. नाव कमी झाल्यावर ती अवघड होते. दाखल्यावरचा १९ अंकी सरल क्रमांक (राज्याच्या नोंदीतला) आणि पेन क्रमांक (यू-डायसमधला विद्यार्थ्याचा कायम क्रमांक) वहीत उतरवून घ्या. जुनी शाळा मुलाला यू-डायसच्या ऑनलाइन 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत सोडते, नवी शाळा पेन व जन्मतारीख टाकून त्याला घेते. जुन्या शाळेने सोडलेच नसेल तर नवी शाळा घाईत वेगळी नोंद करते आणि एका मुलाच्या दोन नोंदी होतात. नावाचे स्पेलिंग आधारशी जुळले नाही तर अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशपातळीवरचा ओळख क्रमांक, तयार होत नाही.

पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेण्यास शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ नुसार मनाई आहे. अल्पसंख्याक संस्थांना मात्र हा कायदा लागू नाही. फी ठरवताना २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे कार्यकारी समितीने मान्य केलेला तक्ता मागा. एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक असते. वर्दीच्या रिक्षावाल्या मामांना सुट्टीच्या महिन्यांचे पैसे द्यायचे की नाही, तेही जूनमध्येच ठरवावे. आजोबांनी फी परस्पर शाळेत भरली तर त्यावर प्राप्तिकराची वजावट कोणालाच मिळत नाही. ती जुन्या करप्रणालीत फक्त स्वतःच्या अपत्याच्या शाळेतील शिक्षण शुल्कावर (ट्यूशन फी) मिळते. पैसे मुलाच्या खात्यात द्या, फी त्याने भरावी आणि पावती त्याच्या नावाची घ्यावी.

नातवंड नव्या शाळेत रुळले नाही तर परत येता येते. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली घेण्याचा हक्क शिक्षणहक्क कायद्याचे कलम ५ देते, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून त्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. फी थकल्याचे कारण देऊन खासगी शाळेने दाखला अडवला, तर महापालिका शाळेत यायचे असल्यास प्राथमिक शिक्षण समितीच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे आणि जिल्हा परिषद शाळेत यायचे असल्यास पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या, आणि तोवर मुलाला वर्गात बसवा.

– एक निवृत्त मुख्याध्यापक, कोल्हापूर