पुसदच्या गाडीवाल्या भाऊंना, दारव्ह्याकडच्या एका सुनेकडून

भाऊ, नमस्कार.

"बसणारं कोण हाये?" हे तुम्ही विचारलं तेव्हा मी आणि आमचे हे एकमेकांकडं पाहतच राहिलो, कारण त्याआधी जिथं जिथं जुनी गाडी पाहायला गेलो तिथं पहिला प्रश्न ठरलेला, बजेट किती. कोणासाठी घेऊन राहिले, कुठं जायचं असते, घरात म्हातारं माणूस हाये काय, असं कोणी विचारलंच नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहून राहिली. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हीच म्हटलं होतं की नाव टाकाल तं लोक म्हणतील पैसे देऊन लिहून घेतलं. पण पुसद-दिग्रसकडचे लोक ओळखतील तुम्हाला, मला माहीत आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, त्यांच्या किडन्या गेल्या आहेत. डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागते, ते काही चुकवता येत नाही. एसटीनं नेलं, काळीपिवळीत नेलं, डायलिसिस करून निघालेला माणूस म्हणजे अंगात काही उरलेलंच नसते आणि अशा माणसाला स्टँडवर उन्हात बसवून गाडीची वाट पाहायची, हे ज्यांनी केलं त्यांनाच कळते. म्हणून तूर विकली आणि ते पैसे गाडीत टाकायचं ठरलं.

आणि पहिली गाडी घेतली ती शहरातल्या एका मोठ्या दुकानातून. नाव घेत नाही. एसी ऑफिस, काचेचा दरवाजा, मुलगा टाय लावून, कोल्ड्रिंक आणून दिलं. गाडी एमएच-०४, ठाण्याची, आतून चकाचक आणि सेंटचा वास असा की डोकं भणभणावं. सिंगल ओनर, घरातलीच गाडी समजा, असं म्हणाले. पावसाळा लागला आणि लाडखेडच्या अलीकडं रात्री गाडी बंद, हेडलाइट बंद, काच खाली होईना, मागच्या सीटवर मामाजी थरथरत. दुसऱ्या दिवशी फोन केला तं म्हणतात चालवता येत नसेल. मग फोन उचलणंच बंद. मग यांचा नंबर ब्लॉक. पैसे घेताना हेच लोक यांना "सर, सर" करत होते. माणूस पैसे देईपर्यंत सर आणि दिल्यावर कटकट, असा धंदा करणाऱ्यांना मी कधी माफ करणार नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवते.

तुमचा व्हिडिओ पुतणीनं दाखवला. त्यात तुम्ही एक स्विफ्ट विकायला काढली होती आणि सुरुवातच अशी की पाहा बापा, हा दरवाजा ठोकलेला आहे, इथं पुन्हा पेंट मारला आहे, टायर एक वर्ष काढतील त्याच्या वर नाही. मी यांना म्हटलं, जो माणूस आपल्याच गाडीचं वाईट आधी सांगते त्याला एक फोन लावून पाहा न. आणि तुम्ही आलात भाऊ, जी गाडी तुम्ही विकलीच नव्हती ती पाहायला तुम्ही पुसदवरून आमच्या गावात आलात.

तुम्ही बोनेट नाही उघडलं आधी. सीटबेल्ट धरला आणि ओढत गेलात, ओढत गेलात, पार शेवटपर्यंत, जिथवर कोणी कधी ओढतच नाही, आणि शेवटच्या वीतभर पट्ट्यावर पिवळट गाळाची रेघ निघाली. मग सीटखालचं कार्पेट उचललं तं सीट सरकते त्या पट्ट्या गंजलेल्या. "ताई, ही गाडी पाण्यात बुडालेली हाये." एवढंच बोललात. आमचे हे ओट्यावर बसूनच गेले. तुम्ही दुकानदाराला शिव्या दिल्या नाहीत, आम्हालाही "आधी विचारायचं होतं न" असं सुनावलं नाही. ते ऐकायची आमची ताकद नव्हती त्या दिवशी.

नंतर ती गाडी तुम्ही सुट्या पार्टच्या भावानं गॅरेजवाल्याला काढून दिली. यांनी विचारलं होतं की थोडी दुरुस्ती करून दुसऱ्या कोणाला देता येत नाही काय, तं तुम्ही म्हणालात, "मी ही दुसऱ्या कास्तकाराले इकणार नाही." त्या वाक्यावर मामाजी खाटेवरून उठून बसले होते, तुम्ही पाहिलं नसेल, मी पाहिलं.

आता ज्या गोष्टीसाठी मुळात लिहायला बसली ती सांगते. यांच्या डोक्यात बोलेरो होती. शेतात जाते, खत-बियाणं टाकता येते, आणि तुमच्याकडं एक चांगली बोलेरो उभी होतीच, वॅगनआरपेक्षा महाग. दुसरा असता तं हसत हसत देऊन टाकली असती. तुम्ही म्हणालात, "बोलेरोत मले जास्त सुटतील भाऊ, पण काकाजी चढतील कसे?" आणि तुम्ही मामाजींना एकेका गाडीत बसवून, उतरवून पाहिलं. बोलेरोत चढता येईना. अल्टोत वाकून खाली बसावं लागे आणि उठताना गुडघे धरावे लागत. वॅगनआरची सीट बरोबर कमरेच्या उंचीला, मागं सरकून बसलं की झालं.

मामाजी म्हणजे लय मानी माणूस. आयुष्यभर औत हाकलं, कोणाचा हात धरून चालणं त्यांना जमत नाही, आम्ही हात पुढं केला की झिडकारतात. तुम्ही त्यांचा हात धरला नाही. दाराच्या वरच्या काठाखाली आपला तळहात लावून उभे राहिलात, डोकं वर लागलंच तं तुमच्या हाताला लागावं म्हणून. मामाजींचं लक्षही गेलं नाही, ते आपले आपण बसले आणि त्यांना वाटलं कोणाची मदत लागली नाही. मी मागं उभी होती. माझे डोळे भरून आले आणि मी पदर लावून दुसरीकडं पाहायला लागली.

आणि मग त्या हाताची गोष्ट. मामाजींच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, डायलिसिसची सुई तिथंच लागते, त्या हातावर जोर द्यायचा नसतो, तो ओढायचा नसतो. घरी येणारे पाहुणेसुद्धा नेमका तोच हात धरतात. तुम्ही विचारलं, "काकाजी, हा हात दुखते काय?" आणि समजून घेतल्यावर त्यांना पुढच्या सीटवरून उठवून मागं उजव्या बाजूला बसवलं, का तं तिथं वरची कडी उजव्या हातात येते. उतरताना रस्त्याच्या बाजूला उतरावं लागेल म्हणून दवाखान्याच्या आवारात नेऊनच थांबवा, हेही सांगितलं. गाडी विकणारा माणूस हे पाहते? आम्ही घरच्यांनी नव्हतं पाहिलं.

सीएनजीचंही तसंच. यांचा जीव सीएनजीत अडकलेला, तुम्ही डिकी उघडून म्हणालात की इथं टाकी बसली की पुढंमागं व्हीलचेअर ठेवायची वेळ आली तं कुठं ठेवणार. पेट्रोलच घेतली.

गाडी घेऊन तुम्ही आम्हाला गावापर्यंत सोडायला आलात तेव्हा रस्त्यात यांनी तुमचं सगळं विचारून घेतलं. आयटीआयला मोटर मेकॅनिक, मग गॅरेजमध्ये हाताखाली, मग नागपूरला ऑनलाइन जुन्या गाड्या घेणाऱ्या एका कंपनीत लोकांच्या घरी जाऊन गाड्या तपासायचं काम, ते पेंटची जाडी मोजायचं मशीन घेऊन. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नोकरी गेली आणि घरी आलात. गावात काय, कापूस निघाला, तूर निघाली की दिवाळीपासून मार्चपर्यंत गाड्या विकतात, जूनपासून सगळा पैसा बियाणं-खतात जाते आणि गाड्या नुसत्या उभ्या, व्याज मात्र चालू. म्हणून तुम्ही पावसाळ्याआधी गाड्या संपवता आणि थोड्याच ठेवता.

तेव्हा तुम्ही ऑनलाइन गाड्यांच्या धंद्यातल्या मोठ्या लोकांचं सांगितलं, ते मी घरी येऊन मोबाईलवर वाचून काढलं. जयपूरच्या जैन भावांनी २००८ मध्ये कारदेखो सुरू केलं, लोकांना घरबसल्या गाडीची माहिती मिळायला लागली. अमेरिकेत एर्नी गार्सियानं २०१२ मध्ये कार्वाना काढली, काचेच्या उंच टॉवरमधून, नाणं टाकलं की वस्तू निघते त्या मशीनसारखी, गाडी खाली येते. २०२१ मध्ये शेअर ३५० डॉलरच्या वर गेला होता आणि २०२२ संपेपर्यंत ५ डॉलरच्याही खाली, महागात घेतलेल्या गाड्या आणि डोक्यावर कर्ज. मग पुन्हा सावरली ती कंपनी. इंग्लंडच्या ॲलेक्स चेस्टरमनची कॅझू मात्र नाही सावरली, २०१८ ला काढलेली, २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली आणि २०२४ च्या मे महिन्यात बुडून दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हातात. तुम्ही म्हणालात की ताई, ॲप कोणीही बनवते, पण न पाहता पैसे पाठवणाऱ्या माणसाची झोप आपल्या हातात असते. या धंद्यात कोटीवाले बुडाले आणि तुम्ही पुसदला एका मोबाईलवर उभे आहात, हिंगोलीचे, वाशिमचे, आदिलाबादचे लोक व्हिडिओ पाहून टोकन पाठवतात, त्याचं कारण मला तरी हेच दिसते.

तुमच्या भिंतीवर आरटीओचं प्रमाणपत्र लावलेलं पाहिलं. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला ते लागते, गाडी त्याच्या ताब्यात आली की जबाबदारी त्याची. त्या काचेच्या ऑफिसात सत्कारांचे फोटो होते, हे नव्हतं. तुम्ही ते आम्हाला दाखवलंसुद्धा नाही, मीच वाचलं.

लोक म्हणतात चांगली माणसं राहिली नाहीत. मला ते पटत नाही. रक्त काढताना मामाजींना शेतीच्या गोष्टीत गुंतवणारी नर्स आहे, म्हातारं माणूस दिसलं की एसटी दोन मिनिटं थांबवणारा कंडक्टर आहे, आणि तुम्ही आहात. चांगली माणसं बोर्ड लावत नाहीत म्हणून दिसत नाहीत, आणि आपण काचेच्या दाराकडं जातो. आमच्याकडं आता कोणालाही गाडी घ्यायची असली की मामाजी आधी विचारतात, "पट्टा ओढून पाहिला काय?"

आरसी आली टपालानं. माझ्या नावावर. "ताई नेणार न काकाजींना, मग ताईच्याच नावावर करा" हे तुम्हीच यांना म्हटलं होतं आणि हेही लगेच हो म्हणाले. माझ्या नावावर घरात याआधी काहीच नव्हतं भाऊ, सात-बाऱ्यावर नाही, घरावर नाही. ते कार्ड मी देवघरात ठेवलं होतं चार दिवस, मग पर्समध्ये घेतलं. आता ड्रायव्हिंग शिकून राहिली, लर्निंग निघालं आहे, परवा पहिल्यांदा मामाजींना घेऊन दारव्ह्यापर्यंत गेली, हे बाजूला बसून होते.

तुम्ही पेट्रोलचे पैसेही घेतले नाहीत त्या दिवशी, ते माझ्या लक्षात आहे. कापूस निघाला की शेतात रोडगे आणि वांग्याची भाजी करू, वहिनींना आणि पोरांना घेऊन या. मामाजींना डॉक्टरांनी लय पथ्य सांगितलं आहे, ते खाणार नाहीत, पण तुम्हाला वाढायला तेच बसणार म्हणतात. तारीख फोनवर कळवते.

तुमची ताई