माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुलं पत्र: तेरा मिनिटांचं एक गाव आम्हालाही द्या

माननीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी सातारा जिल्ह्यातला एक निवृत्त कृषी सहायक. उभी नोकरी लोकांना शेतीची माहिती सांगण्यात गेली. घडीपत्रिका वाटल्या, ग्रामसभेत बोललो, बांधावर उभं राहून बोललो. त्यातलं बरंचसं वाऱ्यावर गेलं, हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा होईन. मागणं एकच आहे: मराठी रेडिओवर एका गावाची रोजची श्रुतिका.

२०१४ च्या डिसेंबरात लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं बर्मिंगहॅमला गेलो. तिथं दुपारी चारला अंधार. शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई एकट्या राहायच्या. दिवसभरात कधीही या, चहा तयार. पण संध्याकाळी सातला दार वाजवलं तर उघडायच्या नाहीत. सव्वासातला स्वतःच आमच्याकडे यायच्या, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायच्या आणि डेव्हिड नावाच्या कुणाच्या तरी नावानं बोटं मोडायला लागायच्या. हा डेव्हिड वाडवडिलांची जमीन विकून, बायकोचं माहेर आहे त्या उत्तरेकडच्या भागात निघाला होता. शेतातून नवा रस्ता जायची भीती होती आणि तिकडे सासूबाईही थकल्या होत्या. तीन-चार दिवस मला वाटत होतं, हा यांचा पुतण्या असावा.

पुतण्या कसला! डेव्हिड आर्चर हा रेडिओवरचा माणूस. बीबीसीची 'द आर्चर्स' ही श्रुतिका. अँब्रिज हे तिच्यातलं गाव, बॉर्सेटशर हा जिल्हा, ब्रुकफील्ड हे शेत. यातलं काहीही नकाशावर नाही. भाग साधारण तेरा मिनिटांचा, रविवार ते शुक्रवार रोज. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा, आणि रविवारी सकाळी आठवड्याचे सगळे भाग एकत्र.

बसथांब्यावर आजीबाई आणि एक निवृत्त ड्रायव्हर याच जमिनीवरून हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले. तो म्हणे, पोराबाळांचा विचार करून विकतोय, त्यात चुकलं काय? आजीबाई म्हणाल्या, आई जिवंत असताना? बस आली, निघून गेली, दोघं खालीच. आमच्या सौभाग्यवतींना इंग्रजी जेमतेम येतं. पण वाटणी आणि विक्री ही भांडणं कळायला भाषा कशाला लागते? रोज सव्वासातला लसूण सोलता सोलता ती मला विचारायची, "विकली का हो त्यानं?" आम्ही परतायच्या आधी डेव्हिडनं विचार बदलला. त्या दिवशी हिनं शिरा केला. शेजारणीनं दोनदा घेतला.

मंत्रिमहोदय, ही मालिका करमणुकीसाठी जन्माला आली नव्हती. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय. युद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये अन्नधान्यावर रेशन होतं, उत्पादन वाढवायचं होतं आणि रेडिओवरची शेतीची भाषणं कुणी ऐकत नव्हतं. १९४८ साली बर्मिंगहॅमला शेतकरी आणि रेडिओवाले यांची एक बैठक झाली. तेव्हा डिक बार्टन नावाच्या हेराची मालिका देशभर गाजत होती. लिंकनशरचे हेन्री बर्ट नावाचे शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, आपल्याला शेतीतला डिक बार्टन हवा. लोक हसले. गॉडफ्री बेझली नावाचे निर्माते मात्र तो विचार घरी घेऊन गेले. मे १९५० मध्ये पाच भागांचा प्रयोग झाला आणि १ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर सुरू झाली. आजवर वीस हजारांहून जास्त भाग झालेत. डेव्हिडच्या वडिलांचं, फिल आर्चरचं काम करणारे नॉर्मन पेंटिंग १९५० पासून २००९ साली वारले तोपर्यंत त्याच भूमिकेत होते. पेगीचं काम करणाऱ्या जून स्पेन्सर १०३ व्या वर्षी निवृत्त झाल्या. आमच्या खात्यात अठ्ठावन्नला घरी पाठवतात.

सुरुवातीला कृषी मंत्रालयाचा या मालिकेत सरळ हात होता. खत कुठलं, रोग कोणता, हे सगळं डेव्हिडचे आजोबा-आजी डॅन आणि डोरिस आर्चर यांच्या जेवणाच्या टेबलावरून सांगितलं जाई. सांगायची तऱ्हा मात्र अशी, की बाप-लेकाचं वाजायचं आणि त्या भांडणात माहिती सांडायची. १९५६ साली ब्रुकफील्डच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरल्याचं दाखवलं आणि डॅनची जनावरं मारून टाकावी लागली. आमच्या खात्याच्या पत्रकात लाळ्या-खुरकुताची सात लक्षणं क्रमवार असतात. पत्रक वाचून कुणी रडलेलं मी पाहिलेलं नाही.

पुढे १९७२ मध्ये माहिती देण्याची ही अधिकृत जबाबदारी संपली. मालिका मात्र संपली नाही, आणि शेतीही तिच्यातून गेली नाही. आजही तिला शेतीचा सल्लागार असतो, कारण मेंढ्यांची वीण चुकीच्या महिन्यात दाखवली तर श्रोते सोडत नाहीत. मंत्रालय बाजूला झालं तेव्हाच ते गाव खऱ्या अर्थानं श्रोत्यांचं झालं, असं माझं मत आहे. ते तुम्हाला आवडणार नाही, याची कल्पना आहे.

श्रोत्यांचं म्हणजे किती? २२ सप्टेंबर १९५५ च्या रात्री मालिकेतली तरुण सून ग्रेस आगीत मेली. नेमकी तीच रात्र ब्रिटनमधल्या पहिल्या खासगी दूरचित्रवाहिनीच्या उद्घाटनाची होती. दुसऱ्या दिवशी लोक नव्या वाहिनीवर कमी आणि ग्रेसवर जास्त बोलत होते. अलीकडचं उदाहरण मालिकेतल्याच हेलनचं. तिचा नवरा रॉब सुरुवातीला तिच्यावर हात उगारत नाही. तो तिचे कपडे ठरवतो, मैत्रिणी तोडतो, तिला स्वतःच्याच डोक्याविषयी शंका घ्यायला लावतो. दोन-अडीच वर्षं हे इतक्या संथपणे चाललं, की काही श्रोत्यांनी वैतागून रेडिओ बंद केला. एप्रिल २०१६ मध्ये हेलननं त्याला भोसकलं. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१५ पासून, इंग्लंडमध्ये अशी मानसिक दडपशाही कायद्यानं गुन्हा ठरली होती, त्यामुळे घराघरात वाद पेटला: हा गुन्हा की स्वसंरक्षण? एका श्रोत्यानं खऱ्या आयुष्यातल्या हेलनांसाठी निधी सुरू केला. दीड लाख पौंडांहून जास्त पैसे जमले, एका नसलेल्या बाईच्या नावानं.

सगळं गोड आहे असं नाही. शेतमजूर तिथंही बरेचदा विनोदापुरते येतात, बडी घरं बरी दिसतात. आजीबाईंना विचाराल तर जुनी मालिका मेली, आता नुसतं नाव उरलंय. पण त्या हे १९७० पासून म्हणत होत्या, आणि सातला दार उघडत नव्हत्या.

आता आपल्याकडे वळतो. तुम्ही म्हणाल, साहेबांच्या देशातलं कौतुक इथं कशाला. मग ऐका, डॅनच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत आली त्याच वर्षी, १९५६ साली, पुण्यात काय झालं.

पुणे आकाशवाणी सुरू होऊन जेमतेम अडीच वर्षं झाली होती. युनेस्कोच्या मदतीनं तिथं रेडिओ ग्रामसभांचा प्रयोग झाला. मूळ कल्पना कॅनडाची. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ, एक अध्यक्ष, एक निमंत्रक. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं, आणि प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. केंद्रानं पुढच्या कार्यक्रमात उत्तरं द्यायची. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. टाटा समाजविज्ञान संस्थेनं समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांच्यासोबत मंडळं असलेली आणि नसलेली गावं ताडून पाहिली. जिथं लोक ऐकून एकमेकांशी बोलले, तिथं त्यांना कितीतरी जास्त कळलं होतं. युनेस्कोनं १९५९ मध्ये हा अहवाल जगभर प्रसिद्ध केला. त्यानंतर योजना देशभर नेली आणि पुढे ती विझली. म्हणजे ऐकून झाल्यावर बोलायचं असतं, ही गोष्ट आपल्या मराठी गावांनी तेव्हाच सिद्ध करून दाखवली होती. उणीव होती ती रोज पुढे सरकणाऱ्या कथेची. बोलायला कट्टा दिला, पण ज्याच्यावर बोलावं असा डेव्हिड दिला नाही.

आणि डेव्हिड दिला की काय होतं, हेही आकाशवाणीनंच पाहिलंय. १९९६-९७ मध्ये 'तिनका तिनका सुख' ही हिंदी मालिका लागायची. उत्तर प्रदेशातल्या लुत्सान गावच्या लोकांनी ती ऐकली, त्यावर आपापसांत चर्चा केली आणि १८४ जणांनी सह्या-अंगठे करून एक भलंमोठं पत्र आकाशवाणीला पाठवलं, की आम्ही हुंडा घेणार नाही, देणार नाही. सगळ्यांनी शब्द पाळला असेल असं मी म्हणत नाही. पण १८४ अंगठे! ग्रामसभेचा कोरम भरताना आमच्या तोंडाला फेस यायचा.

मराठीला हे अंग नाही असंही नाही. मुंबई केंद्रावरच्या 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकेतले टेकाडे भावजी माझ्या पिढीला सख्ख्या दिराइतके ठाऊक आहेत. बाळ कुडतरकरांचा तो आवाज आला की आई चुलीवरचं पातेलं खाली उतरवायची. पण तो संसार शहरातला होता. पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात व्यंकटेश माडगूळकरांसारखा माणूस वर्षानुवर्षं नोकरीला होता. तेव्हा लिहिणारे नव्हते, हे कारण चालत नाही. आजही चालत नाही.

२०२२ मध्ये आमच्या भागात गुरांवर लम्पीची साथ आली. लस शेळ्यांच्या देवीची का द्यायची, दूध प्यावं की नाही, मेलेलं जनावर पुरायचं कसं, यावर सरकारनं सूचना काढल्या, आकाशवाणीनं त्या चोख वाचल्या. गावातलं दूध तरी गटारात गेलंच, कारण व्हॉट्सॲपवर गाठी आलेल्या गाईचा एक फोटो फिरत होता आणि त्याच्या खाली कुणीतरी काहीतरी लिहिलं होतं. अशा वेळी सूचनेला कुणी विचारत नाही. शेजारणीची गाय काय झाली, हे विचारतात. रोज संध्याकाळी धार काढायच्या वेळेला ऐकलेल्या, नावानिशी माहीत असलेल्या एखाद्या मथुराबाईची गाय आजारी पडली असती, तिनं आधी अंगारा लावला असता, मग डॉक्टर बोलावला असता, सुनेनं दूध उकळून स्वतः प्यायलं असतं आणि त्यावरून घरात रामायण झालं असतं, तर दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत त्यावर चर्चा झाली असती.

तर मागणी एवढीच. मराठीत रोजची, तेरा मिनिटांची, एका गावाची श्रुतिका. एका वर्षाचा करार आणि मग गुंडाळागुंडाळ, असं नको. पात्रं श्रोत्यांबरोबर म्हातारी झाली पाहिजेत. ऊसतोडीला जाणारं घर, सातबाऱ्यावर बहिणीचं नाव लावायचं की नाही यावरून फुटलेली भावंडं, लग्न न जमणारा तिशीचा बागायतदार, पाणंद रस्ता अडवणारा माजी सरपंच, यांतलं काहीही मुद्दाम रचावं लागणार नाही. आधी एकाच केंद्रापासून सुरू करा. बोली तिथलीच असू द्या, पुस्तकी नको आणि नाटकातली 'आरं बाबा' छाप खोटी गावरानही नको. शेतीचा जाणकार कायमचा नेमा. खर्चाचं म्हणाल तर अँब्रिजमधलं शेताचं लोखंडी फाटक म्हणजे स्टुडिओतलं इस्त्रीचं टेबल असतं, आणि कोकरू जन्मतं तेव्हा दह्यात भिजलेला टॉवेल आपटतात. आपल्याकडे दह्याची टंचाई नाही.

श्रोत्यांना उलट बोलायची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. पुण्याच्या प्रयोगात पत्रं होती, आता मोबाइलवर आवाज पाठवता येतो. आठवड्यातला एक भाग श्रोत्यांच्या भांडणाला द्या. त्यातल्या शिव्या तेवढ्या काढा, बाकी जसंच्या तसं लावा.

आकाशवाणी चालवणारी प्रसार भारती स्वायत्त आहे, मंत्री कार्यक्रम ठरवत नाहीत, असं उत्तर मला येईल. बरोबर आहे. १९९० च्या ज्या कायद्यानं ती स्वायत्तता दिली, त्याच कायद्यात शेती आणि ग्रामविकासाकडे विशेष लक्ष देण्याचं कर्तव्यही लिहिलेलं आहे. तुमच्याकडून मला पटकथा नकोच आहे. मला हवी आहे पाच वर्षांच्या पैशांची लेखी हमी, आणि दुसरी हमी अशी, की श्रुतिकेतल्या एखाद्या शेतकऱ्यानं पीक विम्याला शिव्या घातल्या तर दिल्लीहून फोन जाणार नाही. आमचा माणूस योजनेचं कौतुक करत सुटला, की त्याच दिवशी सव्वासातला लोक रेडिओ बंद करतील, आणि मी त्यांच्यात पहिला असेन.

गाव मात्र काल्पनिकच ठेवा, नाहीतर मोर्चे येतील. ते कुठं असावं यावर आमच्या घरात आठवडाभर वाद चालू आहे. मी म्हणतो दुष्काळी पट्ट्यातलं, माणदेशाकडचं. ही म्हणते कृष्णाकाठचं, कारण भांडणाला पाणी लागतं. तुमचं उत्तर येईपर्यंत आम्ही नावं काढून ठेवतो.

आपला,
एक निवृत्त कृषी सहायक
जि. सातारा